प्रतापच्या चटण्या आणि माझी जीभ

प्रतापच्या मुलीचा, रेणूचा, फोन आला तेव्हा मी ग्वाल्हेरच्या महाराज बाड्यावर पोस्टाच्या रांगेत उभा होतो. सकाळचे साडेदहा झाले असतील. "काका..." एवढंच म्हणून ती थांबली. मग एका दमात म्हणाली, "काका, पप्पा नहीं रहे. छतावर मिरच्या वाळत घातल्यात ना, त्या उलटायला गेले होते, और वहीं बैठ गए. डॉक्टर येऊन गेले. तुम्ही या ना लवकर, आई किसी की सुनतच नाहीये." हातातल्या पार्सलाचं मी काय केलं, ते मला अजून आठवत नाही. रिक्षावाल्याने दोनदा विचारलं, कहाँ जाना है बाबूजी, तेव्हा कुठे माझ्या तोंडून फूलबाग निघालं.

पोचलो तर खाली माणसं जमलेली. प्रतापला खाली आणून ठेवलं होतं, पण त्याची बायको, सरलावहिनी, वर गच्चीवरच होत्या. पांढऱ्या धोतरावर पसरलेल्या लाल मिरच्यांपाशी त्या बसून होत्या आणि कुणाच्या सांगण्याने उठत नव्हत्या. मला पाहून म्हणाल्या, "भावजी, अर्ध्याच उलटून झाल्यात हो." मी बघितलं. खरंच, डावीकडच्या मिरच्या उलटलेल्या होत्या, उजवीकडच्या तशाच पडून होत्या. चपला काढून मी खाली बसलो आणि उरलेल्या मिरच्या एकेक करून उलटल्या. त्या झाल्यावर वहिनी उठल्या आणि माझ्या मागोमाग जिना उतरल्या. या गोष्टीला आता सहा आठवडे झाले.

प्रताप माझा शाळेपासूनचा मित्र. त्याचे पूर्वज दक्षिणेतून फौजेबरोबर ग्वाल्हेरला आले आणि माझे त्या फौजेच्या मागून, पोथ्या आणि पंचांगं घेऊन. एवढ्या पिढ्या गेल्या, तरी आमच्या दोघांच्या स्वयंपाकघरांत तो फरक राहिलाच होता. आमच्याकडे आमटीत गूळ पडतो आणि हिरवी मिरची फोडणीतून काढून ताटाच्या कडेला ठेवली जाते. त्याच्याकडे भाकरीबरोबर ठेचा असे, आणि लहानपणी त्याच्या आईने मला पहिल्यांदा तो वाढला तेव्हा मी अंगणातल्या नळाला तोंड लावून बसलो होतो. प्रताप शेजारी उभा राहून पोट धरून हसत होता. पुढे आयुष्यभर कुणाशीही माझी ओळख करून देताना तो हा किस्सा सांगायचा. मी शाळेत विज्ञानाचा मास्तर झालो, निवृत्तही झालो, पण त्याच्या लेखी मी नळाला तोंड लावलेला श्रीच होतो.

बारावीनंतर तो दिल्लीला गेला आणि एका हॉटेलच्या भटारखान्यात लागला. तिथे एक नेपाळी स्वयंपाकी होता, त्याला तो उस्ताद म्हणायचा. पहिली दोन वर्षं उस्तादने त्याला नुसता लसूण सोलायला लावला, मग मिरच्या भिजवायला, आणि मग एक दिवस पळी हातात दिली. वडील आजारी पडले म्हणून प्रताप परत आला आणि फूलबागेजवळ त्याने चाऊमीनचा ठेला लावला. आजा घोड्यावर बसायचा आणि नातू ठेल्यावर नूडल्स परततो, हे त्याच्या वडिलांना फार लागलं. पण संध्याकाळी सहाला ठेला उघडला की साडेसहाला तिथे उभं राहायला जागा नसायची, आणि याचं कारण नूडल्स नव्हते. त्याच्या चटण्या होत्या. आसपासचे सगळे ठेलेवाले बाजारातल्या तयार बाटल्या आणून ठेवायचे. प्रतापने पहिल्या तीस वर्षांत एक बाटली विकत आणली नाही.

मला चटण्यांतलं काही कळत नव्हतं, म्हणूनच की काय, तो मला फार मनापासून समजावून सांगायचा. वाळलेल्या लाल मिरच्या बिया झटकून गरम पाण्यात भिजवायच्या, लसूण, सिरका म्हणजे व्हिनेगर, आणि चिमूटभर साखर घालून शिजवायच्या, वाटून गाळायच्या, ती झाली पातळ लाल. ही वरून घ्यायची, कढईत घालायची नाही. दुसरी शेजवान. मिरची तीच, पण आलं आणि लसूण बारीक चिरून भरपूर तेलात मंद आचेवर परतायचा, तेल सुटून वर येईपर्यंत हात थांबवायचा नाही. ही मात्र कढईत सगळ्यांच्या आधी पडते, नूडल्सच्याही आधी, कारण तिचा वास तेलाने उचलला पाहिजे. तिसरी हिरवी, कच्च्या मिरच्या सिरका आणि मिठात मुरवून वाटलेली. "हिला आच दाखवली की ही गवत झाली समज," तो म्हणायचा. कढई खाली उतरवली की मगच ती घालायची. चौथी मोमोची, टोमॅटो आणि मिरची एकत्र उकडून, भाजलेले तीळ घालून दाट केलेली. ती गारच द्यायची. मोमो गरम असतो, चटणीही गरम दिली तर जिभेला दोन्हींतलं काहीच कळत नाही.

आणि पाचवी एक होती, ती ठेल्यावर नसायची. थंडीत आमच्याकडे त्या जाड, मांसल लाल मिरच्या येतात, ज्यांचं घरोघर भरलेलं लोणचं घालतात. प्रताप त्या चिरून, मीठ लावून बरणीत दडपून ठेवायचा. तीन आठवड्यांत त्या आपोआप आंबायच्या, बारीक बुडबुडे यायचे, आणि मग वाटल्यावर जे तयार व्हायचं त्याला सिरक्याशिवाय आंबटपणा असायचा. हे त्याला उस्तादने शिकवलं होतं. ही चटणी फक्त घरच्यांसाठी आणि ओळखीच्यांसाठी. भातावर नखाएवढी घेतली तरी पुरे. ठेच्याला मात्र तो या मोजणीत कधीच धरत नसे. "ठेचा चटणी नाही रे श्री, ठेचा म्हणजे आई."

त्या साथीच्या दुसऱ्या लाटेत तो आजारी पडला. बारा दिवस ताप होता, पण निभावला. महिन्याभराने ठेला पुन्हा लागला तेव्हा मी मुद्दाम गेलो. गर्दी कमी होती, तो वाळला होता, पण हात तसाच चालत होता. मी बाकावर बसलो आणि थोड्या वेळाने मला लसूण जळल्याचा वास आला. मला वाटलं तो आच कमी करेल. त्याने केली नाही. कढईतला लसूण आधी तपकिरी झाला, मग काळा, धूर डोळ्यांत गेला, आणि प्रताप त्यात शांतपणे नूडल्स टाकत होता. मी उठून त्याच्याजवळ गेलो. "प्रताप, लसूण जळलाय." त्याने कढईत पाहिलं, मग माझ्याकडे. असा चेहरा मी त्याचा कधीच पाहिला नव्हता. चोरी पकडली गेल्यासारखा. त्याने ती कढई तशीच खाली ठेवली आणि हळूच म्हणाला, "वास येत नाही मला. कशाचाच नाही. ताप उतरला त्या दिवसापासून."

मी शाळेत दरवर्षी मुलांना शिकवायचो की तिखट ही चव नव्हे, ती जळण आहे, आणि आपण जिला चव म्हणतो तिचा मोठा भाग नाकाने कळतो. फळ्यावर जिभेचं चित्र काढायचो. आता माझा मित्रच समोर बसून मला ते सांगत होता. "नुसतं जळतं रे. लाल घेतली, जळतं. हिरवी घेतली, जळतं. दोन्हींत फरक काय ते कळत नाही." म्हणून तो मिरची वाढवत गेला होता. जे एवढं एकच पोचत होतं, ते जास्त पोचावं म्हणून. लोक एक घास खाऊन प्लेट ठेवून जात होते आणि त्याला कारण उमगत नव्हतं... खरं तर उमगत होतं, पण तो कुणाला सांगत नव्हता. दोन-तीन डॉक्टर झाले. येईल, काहींना उशिरा येतो, असं सगळे म्हणाले. आला नाही.

एके दिवशी तो नया बाजारातल्या माझ्या घरी आला आणि चहा न पिताच म्हणाला, "श्री, मला तुझी जीभ पाहिजे." मला हसू आलं. म्हटलं, अरे, साऱ्या ग्वाल्हेरात तुला माझीच जीभ सापडली? वहिनी आहेत की घरात. तो म्हणाला, "सरलाला विचारलं तर ती माझ्या तोंडाकडे बघून सांगते. चटणीची चव नाही सांगत, मला बरं वाटेल ते सांगते. तू मास्तर आहेस. तू पेपर तपासतो तसं तपास."

तेव्हापासून चार वाजता मी त्याच्या स्वयंपाकघरात जाऊ लागलो. चार पातेली ओट्यावर मांडलेली असत, प्रत्येकात एक चमचा. वहिनी माझ्यासाठी वाटीभर दहीभात ठेवत, एक चटणी झाली की एक घास, म्हणजे जीभ पुन्हा ताळ्यावर येई. पहिले आठ दिवस माझ्या डोळ्यांतून पाणी थांबत नव्हतं. चव घेऊन मी म्हणायचो, चांगली आहे. तो चिडायचा. "चांगली म्हणजे काय? आधी काय येतं? मग काय? गिळल्यावर काय राहतं?" मग मी डोळे मिटून सांगू लागलो. आधी आंबट येतंय. त्याच्या मागून लसूण, पण कच्चा. तिखट उशिरा येतंय आणि घशात बसतंय. तो पळी घेऊन ऐकत उभा असायचा, मान हलवायचा, पातेलं पुन्हा आचेवर ठेवायचा, दहा मिनिटांनी म्हणायचा, "आता बोल." मी सांगायचो, लसूण शिजला, गोडसर झालाय. की मग त्याचा चेहरा उजळायचा, जणू त्याने स्वतःच ती चव घेतली. साठी ओलांडल्यावर मला लसणातला आणि लसणातला फरक कळायला लागला, तो असा. दोन महिन्यांत गर्दी परत आली. लोक म्हणायचे, प्रतापभाई, फिर वही बात आ गई. तो माझ्याकडे बोट दाखवायचा आणि नळाचा किस्सा सांगायचा.

हे असं दीड-दोन वर्षं चाललं. आता जे लिहायचं आहे ते लिहायला मला जड जातंय.

रेणूचं लग्न ठरलं. साखरपुडा थंडीत, घरच्या घरी, पन्नास माणसांचं जेवण. प्रतापने ठरवलं की जेवणात त्याची ती बरणीतली चटणी ठेवायची. तीन बरण्या घातल्या. तीन आठवडे तो रोज त्यांच्याकडे जाऊन बघायचा, झाकणं सैल करायचा, पुन्हा लावायचा. साखरपुड्याच्या आदल्या दिवशी चार वाजता त्याने वाटलेली चटणी माझ्यासमोर ठेवली. मी चमचा नाकाजवळ नेला आणि तिथेच समजलो. काहीतरी बिघडलं होतं. ओल्या पोत्यासारखा कुबट वास होता, आणि तोंडात घेतल्यावर तो तिखटाच्या वरही राहत होता. मी डोळे उघडले. प्रताप समोर उभा होता, नवा सदरा घातलेला, शिंप्याकडून नुकताच आलेला, मापाला बरोबर आहे का ते बघायला अंगावर चढवलेला. बाहेर रेणू मैत्रिणींशी हसत होती. त्याने विचारलं, "बोल." आणि मी म्हणालो, "मस्त जमलीय."

आधी काय, मग काय, हे त्यानेही त्या दिवशी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी पंगत बसली. मी पाहत होतो. एकेकाने चटणी बोटावर घेतली आणि हलकेच पानाच्या कडेला सारली. कुणी काही बोललं नाही, लग्नघरी कोण बोलतं. पण रेणूच्या होणाऱ्या सासूबाई, अगदी साध्या मनाच्या बाई, शेजारणीला म्हणाल्या, "इसमें कुछ बासी सी महक नहीं आ रही?" प्रताप वाढत त्यांच्याच मागे उभा होता. त्याने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मी नजर खाली घातली, आणि त्याला उत्तर मिळालं. पुढच्या पाच मिनिटांत त्याने हसतमुखाने, माफी मागत, सगळ्या पानांजवळच्या वाट्या स्वतःच्या हाताने उचलल्या.

चार महिने तो माझ्याशी बोलला नाही. लग्नात मी गेलो, त्याने नमस्कार केला, पाहुण्यांना करतात तसा. चार वाजता मी घरीच बसून राहायचो. एकदा फूलबागेवरून जाताना पाहिलं, ठेल्यावर बाजारच्या बाटल्या होत्या. लाल, हिरवी, सगळ्या एकाच कारखान्याच्या. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

शेवटी एका संध्याकाळी मी गेलो, बाकावर बसलो आणि एक प्लेट मागितली. त्याने मुकाट्याने दिली. मी बाटलीतली लाल चटणी वर घातली, खाल्लं आणि म्हणालो, "घाण आहे. आधी साखर, मग साखर, मागे रंगाचं पाणी. लसूण नावालाही नाही." त्याने कढईवरून नजर उचलली नाही. दोन गिऱ्हाइकं आली आणि गेली. मग तो माझ्या शेजारी येऊन बसला आणि म्हणाला, "नाक गेलं ते मी सोसलं, श्री. नशीब म्हटलं. पण त्या दिवशी तू खोटं बोललास, तेव्हा मला वाटलं आता काहीच उरलं नाही. कुणावर भरोसा करू?" मी म्हणालो, "तुझा नवा सदरा बघितला आणि माझ्याच्याने झालं नाही." तो म्हणाला, "तेच तर. तूही माझ्या तोंडाकडे बघितलं." मी त्याचा हात धरला. पुन्हा असं होणार नाही, हे मी त्याला तिथे, गाड्यांच्या आवाजात सांगितलं. दुसऱ्या दिवशी चार वाजता ओट्यावर पुन्हा चार पातेली होती.

ते वचन मला एकदाच खऱ्या अर्थाने पाळावं लागलं. तो गेला त्याच्या साधारण दहा दिवस आधीची गोष्ट. मी हिरवीची चव घेत होतो आणि प्रताप अचानक ओरडला, "श्री! लसूण जळतोय! वास आला मला!" तो नाक वर करून उभा होता, डोळे भरलेले. "जळका वास... तोच. सरला, ऐकतेस का, मला वास आला!" वहिनी आतल्या खोलीतून धावत आल्या. मी शेगडीकडे पाहिलं. शेगडी बंद होती. लसूण सोललेला, पांढराशुभ्र, ताटलीत पडून होता. घरात कुठेही काही जळत नव्हतं. असे भास होतात, मी वाचलं होतं. नाक नसलेलेच वास देतं. वहिनी माझ्याकडे पाहत होत्या आणि त्यांचे डोळे स्पष्ट सांगत होते की हो म्हणा. तो म्हणाला, "येतोय ना तुलाही?"

मी म्हणालो, "नाही रे प्रताप. काही जळत नाहीये."

त्याने शेगडीकडे पाहिलं. बंद बटणावर बोट ठेवून पाहिलं. मग स्टुलावर बसला आणि अगदी बारीक आवाजात म्हणाला, "बरं. हिरवीचं सांग."

तो गेल्यापासून ही एकच गोष्ट मला टोचत होती. दहा दिवस उरले होते त्याच्याकडे. तेवढे दिवस त्याला तो वास खरा वाटला असता तर कुणाचं काय गेलं असतं? तेराव्यानंतर मी वहिनींना हे बोलून दाखवलं. त्या म्हणाल्या, "मला राग आला होता तुमचा. खोटं कशाला सांगू. दोन दिवस ते गप्पच होते. तिसऱ्या दिवशी जेवताना म्हणाले, श्रीने सांगितलं ते बरं केलं, नाहीतर त्या वासाच्या भरवशावर मी सगळी पातेली बिघडवली असती." एवढं सांगून त्या आत गेल्या. मी तिथेच बसून रडलो. त्याच्यासाठी रडायला मला तोवर जमलं नव्हतं.

ठेला अजून ताडपत्रीखाली उभा आहे. तो पुन्हा लागेल की नाही, हे ठरलेलं नाही. रेणू म्हणते आई, तू करू शकतेस, वहिनी हो म्हणत नाहीत आणि नाहीही. पण परवा दुपारी त्यांचा फोन आला, "भावजी, चार वाजता याल?" मी गेलो. ओट्यावर दोनच पातेली होती, लहान, घरच्यापुरती. प्रत्येकात चमचा. शेजारी दहीभाताची वाटी. मी लाल घेतली, डोळे मिटले, आणि सवयीने बोलू लागलो. आंबट बरोबर आहे. लसूण शिजलाय, पण साखर थोडी पुढे पळतेय. तिखट शेवटी, जिभेच्या मधोमध, घशात नाही... बोलता बोलता लक्षात आलं की कुणी पुढचं विचारत नाहीये. डोळे उघडले तर वहिनी स्टुलावर बसून पदर तोंडाला लावून ऐकत होत्या. मी ओशाळलो. म्हणालो, "वहिनी, तुम्हाला तर सगळी चव कळते. मी काय हे सांगत बसलोय."

"कळते हो," त्या म्हणाल्या. "पण इतकी वर्षं चार वाजले की आतल्या खोलीत बसून मी तुमचं दोघांचं ऐकायचे. आता चार वाजतात आणि घर नुसतं... तुम्ही बोला ना. थांबू नका."

मी दहीभाताचा घास घेतला आणि दुसरा चमचा उचलला. हिरवी तोंडात घोळवली. क्षणभर वाटलं, आज राहू दे, आज काही चूक काढायला नको.

"मीठ जास्त झालंय," मी म्हणालो.

वहिनींनी पदर बाजूला केला, बोट बुडवून चव घेतली आणि मान हलवली. "झालंय खरं," त्या म्हणाल्या, आणि आणखी मिरच्या वाटायला घ्यायला उठल्या.